तंबाखूविषयी विचारायचं कसं?

दुबईच्या खाडीच्या पूर्वेकडे देरा आहे. सोन्याचा आणि मसाल्याचा बाजार इथलाच. नाइफच्या गल्ल्यांत भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, फिलिपिनो एकमेकांना खेटून राहतात. अशा वस्तीतल्या दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, "सिगारेट ओढता का?", तर बाकावरचे चौघेही अगदी खरेपणाने "नाही" म्हणू शकतात, आणि तरीही चौघांच्या रक्तात निकोटिन असू शकतं.

पेशावरकडचा माणूस ओठाखाली नसवार ही तंबाखू ठेवतो. इमिराती तरुण मिदवाख नावाच्या चिमुकल्या पाइपात दोखा ही तंबाखू भरून दोनतीन झुरके मारतो. अजमानच्या गल्फ मेडिकल युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना तपासलं, तेव्हा त्या झुरक्यांनंतर लगेच हृदयाचे ठोके आणि वरचा रक्तदाब वाढलेला आढळला. तिसरा रात्री शीशा ओढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने तासाभराच्या एका बैठकीत सिगारेटच्या 100 ते 200 पट धूर आत जातो. चौथ्या आपल्या कोकणातल्या आजी, लेकाकडे आलेल्या. त्या रोज तंबाखूची मिश्री लावतात, पण ते त्यांच्या लेखी दात घासणंच. महाराष्ट्रात 2016-17च्या पाहणीत धूम्रपान करणारे 3.8 टक्के निघाले आणि धूरविरहित तंबाखू घेणारे 24.4 टक्के. चुकीच्या प्रश्नाने केवढं दृष्टिआड होतं पाहा!

मला सगळ्यात थक्क करतो तो तंबाखूत मळला जाणारा चुना. आम्ल वातावरणात निकोटिनच्या रेणूवर विद्युतभार असतो आणि भार असलेला रेणू गालाच्या आतल्या त्वचेतून सहज शिरत नाही. तळहातावर अल्कधर्मी चुना घालून अंगठ्याने तंबाखू मळली, की भार उतरतो आणि गालात त्याचा बार लावताच निकोटिन रक्तात उतरू लागतं. व्यसन सोडवणाऱ्या निकोटिनच्या गममध्येही हेच रसायनशास्त्र आहे. त्यात अल्कधर्मी क्षार घातलेले असतात. म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटं कॉफी, सरबत, कोला अशी आम्ल पेयं नकोत. गम सावकाश चावायचा, झिणझिणी आली की गालात दाबून ठेवायचा. हे कुणी सांगितलं नाही तर माणूस तो भराभर चघळतो, निकोटिन गिळतो, मळमळतं, उचक्या लागतात आणि "याने काही होत नाही" म्हणून पाकीट फेकून देतो. दोष औषधाचा नसतो, न सांगण्याचा असतो.

सांगण्यात केवढं बळ असतं, हे संशोधक मायकल रसेल यांनी 1979 साली लंडनमध्ये दाखवलं. डॉक्टरांनी काहीच केलं नाही त्या गटात वर्षभर सिगारेटपासून दूर राहिलेले 0.3 टक्के होते. मिनिटदोन मिनिटांचा सल्ला, एक पत्रक आणि "पुन्हा विचारणार आहे" एवढी सूचना मिळालेल्यांत ते 5.1 टक्के. सतरा पट!

सल्ल्याचं एवढं स्वस्त औषध शिकवायला मात्र आपण विसरतो. 2005 साली दहा देशांतल्या वैद्यकीय, दंत, परिचर्या आणि औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली. तंबाखू सोडवण्याचा सल्ला देण्याचं प्रशिक्षण हवं असं बहुतेकांचं मत होतं, पण ते रीतसर मिळालेले कोणत्याच देशात 40 टक्केही नव्हते. म्हणून सुरुवात प्राध्यापकांपासून व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. एक प्राध्यापक तयार झाला, की दरवर्षी अख्खा वर्ग तयार होतो.

तोवर आपण एक करू या. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी मिश्री, बार, नसवार, शीशा जे असेल ते आपणहून सांगू या. तंबाखू सोडायची असेल तर भारतात 1800-11-2356 हा मदत क्रमांक विनाशुल्क आहे.