चित्रफीत पाहिली म्हणजे शिकलो का?

स्काऊट पथके चालविणाऱ्या मोठ्या माणसांसाठी ‘वुड बॅज’चा पहिला वर्ग सप्टेंबर 1919 मध्ये लंडनजवळच्या गिलवेल पार्कमध्ये भरला. तंबूत राहायचे, स्वतः करून शिकायचे, ही तिथली रीत. आता असे शिक्षण मोबाईलवर येते आहे. पण लांबलचक भाषणाची चित्रफीत म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असे आम्हाला वाटते.

मुलांसाठी वेळ देणारा कार्यकर्ता दिवसभर राबून रात्री मोबाईल उघडतो. त्याला दहा मिनिटांचा धडा द्यावा, आणि धड्यात एक प्रसंग. शिबिरात एक मुलगी म्हणते, “दादा, सांगते, पण कुणाला बोलू नका.” काय कराल? आधी त्याला उत्तर देऊ द्यावे, मग समजावावे. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे, मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. म्हणून गुपित राखण्याचे वचन देता येत नाही. हे ठाऊक नसेल, तर भला माणूसही मुलीचे नुकसान करून बसतो.

गाठी मारणे, जखमेवर पट्टी बांधणे मात्र समोरासमोरच शिकवावे. हाताला वळण मैदानातच लागते. पालकहो, मूल शिबिराला धाडण्यापूर्वी आपण एवढे जरूर विचारा : तिथले दादा-ताई काय शिकून आले आहेत?