पवनचक्की येण्याआधी कोणते कागद मागावेत?

नंदुरबारच्या दुकानांत सुरतेचा माल येतो, हे सांगायला नको. पण पवनचक्क्यांची एक मोठी कंपनीही सुरतेच्या कापडधंद्यातूनच निघाली, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. तुलसी तांती यांचा तेथे कापडाचा कारखाना होता. विजेचे बिल परवडेना म्हणून त्यांनी दोन पवनचक्क्या घेतल्या आणि 1995 साली सुझलॉन काढली. पुढे साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या डोंगरांवर तिच्या चक्क्या उभ्या राहिल्या. आपल्या नंदुरबार तालुक्यातही पाती फिरू लागली.

या विजेला कोळसा लागत नाही, राख होत नाही. तिला विरोध करावा असे आम्ही म्हणत नाही. पण व्यापारी माल उलटून पाहतो, तसा हा सौदाही पाहावा.

बाजारात भेटणारे शेतकरी बांधव म्हणतात, सरकारने पर्यावरणाची तपासणी केलीच असेल! तसे नाही. 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार औष्णिक प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते. जमिनीवरील पवनचक्की त्या यादीत नाही. म्हणून जनसुनावणीही सक्तीची नाही. 2016 साली प्रदूषण मंडळानेही हा उद्योग पांढऱ्या, म्हणजे जवळपास निर्धोक वर्गात टाकला. गावाने स्वतः विचारले नाही, तर विचारणारा कोणी उरत नाही.

विचारायचे काय? त्याच वर्षी केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून वस्तीपासून 500 मीटरच्या आत चक्की नको. रस्ता आणि इमारतीपासूनचे अंतर म्हणजे मनोऱ्याची उंची, पात्यांच्या घेराचा अर्धा व्यास आणि वर 5 मीटर. मनोरा 100 मीटर आणि व्यास 110 असेल, तर 160 मीटर झाले. हा हिशेब आपल्याकडचा कोणताही शिंपी करील. नकाशा मागून टेप लावावी.

जमिनीचा प्रश्न अधिक नाजूक. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जायची, तर महसूल कायद्याच्या कलम 36-अ प्रमाणे परवानगी लागते. वनजमीन असेल तर केंद्राची मंजुरी हवी, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याखालचे दावे आधी निकाली निघाले पाहिजेत. साक्रीत कसणारे आदिवासी आणि कंपनी यांच्यात याच मुद्द्यावर तकरार झाली. आमचे गिऱ्हाईक याच गावांतले. जमिनीचा पैसा एकदाच हाती येतो, कपडा मात्र दर सणाला लागतो.

प्रकल्पाला परदेशी बँकेचे कर्ज असेल, तर ती बँक बहुधा पक्षी, वटवाघळे, चराई आणि पाणी यांचा अभ्यास करवून घेते. तो अहवाल इंग्रजीत असतो. ग्रामसभेने ठराव करून त्याचा मराठी गोषवारा मागावा. आणि लांब पाती डोंगरावर न्यायला जो रुंद रस्ता कापतात, तो कोणाच्या सातबाऱ्यातून जातो, भाड्याने की कायमचा, हेही सही करण्याआधी लिहून घ्यावे.