मुलीच्या दप्तरातला पाना

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. नववीतली एक मुलगी सलग चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी मी तिच्या घरी गेले. घर शाळेपासून चार किलोमीटरवर. सायकल भिंतीला टेकून उभी, मागचे चाक पार बसलेले.

तिची अम्मी म्हणाली, "आपा, हिच्या अब्बांना कामावरून यायला रात्र होते. पोरीला एकटीला दुकानावर कसं पाठवू? राहू दे म्हटलं, तसंही पुढच्या वर्षी..."

वाक्य तिने पुरे केले नाही, पण मला ते समजले. बाभळीच्या एका काट्याने मुलीची शाळा सुटायला आली होती.

आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ही योजना आहे. अशा सायकलीवर शिकून पुढे गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. मात्र सायकल दारात आली की काम संपत नाही. ती चालती ठेवायला घरात थोडे ज्ञान लागते आणि गावात एक दुकान लागते.

आमच्या गावात असे एक दुकान उरले आहे. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. पूर्वी ते तासाच्या हिशेबाने सायकली भाड्याने देत. मी त्यांना विचारले, "शनिवारी शाळेत येऊन मुलींना पंक्चर काढायला शिकवाल का?" ते हसले. "आपा, सगळ्याच शिकल्या तर मी काय करू?" तरीही पुढच्या शनिवारी घमेले, पाने आणि एक जुनी ट्यूब घेऊन ते हजर झाले.

त्यांनी शिकवलेले इथे देते. घरी करून पाहा.

टायर काढायला स्क्रूड्रायव्हर वापरू नये, ट्यूब चिमटते आणि दुसरे भोक पडते. टायर काढायच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. ट्यूबमध्ये हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात फिरवावी. बुडबुडे येतील तिथे खूण करावी. जागा कोरडी करून पॉलिश पेपरने घासावी, सोल्युशनचा पातळ थर लावावा आणि तो ओला दिसेनासा होईपर्यंत थांबावे. मगच पॅच दाबून बसवावा. घाई केली की पॅच सुटतो. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोटे जपून फिरवावीत. काटा तिथेच राहिला असेल तर सगळी मेहनत वाया जाते.

पुष्कळदा पंक्चर नसतेच. साध्या सायकलीच्या व्हॉल्व्हवर बारीक रबरी नळी असते, ती कुजली की हवा निघून जाते. व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावावी. फुगा आला तर नळी बदलावी. दोन-चार नळ्या कंपासपेटीत सहज मावतात.

चेन झिजली का, हे शाळेच्या पट्टीने कळते. चेनच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते. म्हणजे एका पिनेपासून मोजत गेले तर चोविसावी कडी बरोबर बारा इंचांवर संपायला हवी. ती एक अष्टमांश इंचाने पुढे गेली असेल तर चेन बदलावी, नाहीतर दातेही खराब होतात. आणखी एक गोष्ट. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. ते काढताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावे लागते. हे माहीत नसल्याने कित्येक जण पान्याशी झटापट करत बसतात.

टायर आणायला जाताना जुन्या टायरवरचा आकडा लिहून न्यावा. नुसते '२६ चा' सांगून भागत नाही. ३७-५९० असे लिहिले असेल तर टायर ३७ मिलिमीटर रुंद आणि रिमवर बसायचा व्यास ५९० मिलिमीटर. जाड टायरच्या सायकलीलाही २६ चेच म्हणतात, पण तिचा हा व्यास ५५९ असतो. एकीचा टायर दुसरीला बसत नाही.

आता उस्तादांच्या प्रश्नाकडे येते. मुली शिकल्या म्हणून त्यांचे दुकान ओस पडले का? उलट झाले. पूर्वी सायकल महिनोन् महिने पडून राहायची, तेव्हा दुकानात कोणी काही घेत नव्हते. आता मुली नळ्या, पॅच, ब्रेकचे रबर, छर्रे मागायला येतात. चाकाची आऊट काढणे, काटर पिन ठोकून बसवणे ही कामे घरी होत नाहीत. ती उस्तादांकडेच जातात.

सुटा भाग मिळणे किती मोलाचे आहे, तेही आम्हाला कळले. एका मुलीच्या चाकाचे दोन स्पोक तुटले. तिचे अब्बा शहरातल्या एका चकचकीत शोरूममध्ये गेले. तिथे सांगितले, सुटे स्पोक ठेवत नाही, अख्खे चाक घ्या. उस्तादांनी डब्यातून दोन स्पोक काढले, चाक सरळ केले आणि थोडक्या पैशांत सायकल रस्त्यावर आली. स्वतः दुरुस्ती करणाऱ्याला दुकानाकडून हेच हवे असते: सुटे भाग, पाच मिनिटांसाठी उसना पाना आणि खरा सल्ला.

मात्र उस्तादांच्या मुलाला दुकानात बसायचे नाही. 'पंक्चरवाला' हा शब्द आपल्याला टोमणा म्हणून ऐकवला जातो, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. त्या मुलाने तो कॉलेजात ऐकला. त्याने खूप शिकावे, हवे ते काम निवडावे. पण लाजेपोटी वडिलांचे हुन्नर टाकू नये. टोमणा मारणाऱ्याच्या चाकातली हवाही कधीतरी जातेच, आणि तेव्हा तो रस्त्यात याच हातांना शोधतो. हलालची कमाई आहे, त्यात मान खाली घालण्यासारखे काय?

पालकांना माझी एवढीच विनंती. मुलीला सायकल घ्याल तेव्हा सोबत एक हातपंप, दोन पट्ट्या आणि पॅचचा डबा घ्या. पहिल्या वेळी तिला घेऊन स्वतः दुकानावर जा, ओळख करून द्या. दुसऱ्या वेळी ती आपली आपण जाईल.

ती नववीतली मुलगी आता दहावीत आहे. परवा प्रार्थनेला दहा मिनिटे उशिरा आली. हात काळे झाले होते. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "आपा, काटा होता. काढला."

मी हजेरी लावली.