ढीग कोणाचा?

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला पोर्ट एसिंग्टन नावाची इंग्रजांची लहानशी वसाहत होती. १८४० साली जॉन गिल्बर्ट पक्ष्यांचे नमुने गोळा करायला तिथे पोचला. किनाऱ्यालगतच्या झाडीत माती-पाल्याचे मोठाले ढीग होते. वसाहतीतले गोरे सांगत, या इथल्या लोकांच्या कबरी. इथले लोक सांगत, ही एका पक्ष्याची घरटी. त्यांच्यावर विश्वास कोण ठेवणार? गिल्बर्टने एक ढीग उकरला. दोनेक फुटांवर सुकल्या पानांवर एक जिवंत पिल्लू बसलेलं होतं.

हे कुळ मेगापोडांचं. कोंबड्या-मोरांचे हे दूरचे भाऊबंद, जाती वीसेक, पसारा ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, इंडोनेशिया आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवर. यांच्यातली एकही मादी कधी खुडूक बसत नाही. अंडी पुरायची आणि उबेचं काम दुसऱ्यावर सोपवायचं, ही घराण्याची रीत. सॅव्हो बेटावरचे मेगापोड ज्वालामुखीने तापलेल्या वाळूत अंडी घालतात. सुलावेसीचा मालेओ कुठे उन्हाने तापलेली किनाऱ्याची वाळू गाठतो, कुठे भूगर्भाच्या उष्णतेने गरम झालेली जमीन. ज्यांच्या वाट्याला अशी फुकटची ऊब आली नाही, त्यांनी ती तयार करायचा कारखाना काढला.

त्यातला सगळ्यात कष्टाळू कारखानदार म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या झुडपी रानातला मॅलीफाउल. वजन जेमतेम दोन किलो. हिवाळ्याच्या आधीच नर जमिनीत खड्डा खणतो आणि आसपासचा पालापाचोळा मागे पाय झाडत झाडत त्यात लोटतो. मग पावसाची वाट. पाला भिजला की वर वाळूचा थर. ढीग तीन ते पाच मीटर रुंद होतो. आत पाला कुजू लागतो आणि थंडीच्या सकाळी उकिरडा उकरला की वाफ निघते ना, तीच ऊब इथे कोंडली जाते.

नवल ढिगाचं नाही, त्याच्या राखणीचं आहे. हॅरी फ्रिथ या शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात न्यू साउथ वेल्समध्ये वर्षानुवर्षं या पक्ष्यावर पाळत ठेवली. अंड्यांपाशी तापमान ३३-३४ अंश सेल्सियसच्या आसपास राहतं, असं त्याला दिसलं. नर चोच वाळूत खुपसतो, तोंडभर वाळू घेतो आणि बहुधा तिथेच उष्णतेचा अंदाज बांधतो. वसंतात कुजण्याचा जोर फार असतो. तेव्हा तो पहाटे ढीग उघडून जादा ऊब सोडून देतो. उन्हाळ्यात वरून सूर्य भाजत असतो, म्हणून वाळूचा थर जाड करतो. शरदात पाल्यातली धग संपलेली असते. मग भर दुपारी ढीग उघडायचा, वाळू उन्हात पसरायची, तापली की पुन्हा आत भरायची. फ्रिथने खोडी म्हणून ढिगात विजेची तापनतार बसवली आणि मनाला येईल तशी चालू-बंद केली. पक्षी गडबडला नाही. ढीग तापला की उघडायचा, निवला की झाकायचा. वर्षाचे दहा-अकरा महिने नराचा हाच व्यवसाय.

मादी काही दिवसांच्या अंतराने येते. नर ढीग उकरून देतो, ती अंडं घालते आणि निघून जाते. एका हंगामात पंधरा-वीस अंडी सहज होतात आणि एकेक अंडं तिच्या वजनाच्या जवळपास दहाव्या हिश्श्याएवढं. निम्म्याहून अधिक भाग बलकाचा. इतकी शिदोरी असल्यामुळेच पिल्लू पूर्ण तयार होऊन बाहेर पडतं. तेही चोचीने टोचून नव्हे, पायांनी कवच फोडून. मग वाळूतून वर येण्याची तासन्‌तास झुंज. वर आलं की थोडा दम खातं आणि झुडपात पळतं. एका दिवसात उडू लागतं. बाप तिथेच वाळू उपसत असला, तरी त्याला ओळख नाही आणि याला गरज नाही. पितृप्रेमाचा आदर्श म्हणून या पक्ष्याचे गोडवे गाणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याचं प्रेम, असलंच तर, ढिगावर आहे.

एवढ्याशा पक्ष्याचं हे काम पाहिलं की वाटतं, यांचे लुप्त झालेले अगडबंब नातलग केवढे डोंगर रचत असतील. इथेच आपली फसगत होते.

क्वीन्सलंडच्या डार्लिंग डाउन्समधली काही जीवाश्म हाडं चार्ल्स डी व्हिसने १८८८च्या सुमारास अभ्यासली. एक हाड त्याला भल्या मोठ्या कबुतराचं वाटलं, दुसरं करकोच्याचं. १९७४ मध्ये व्हॅन टेट्सने ती सगळी एकाच थोराड मेगापोडची ठरवली. पुढे बरीच वर्षं त्याला मॅलीफाउलचाच दांडगा पूर्वज मानलं गेलं. २०१७ मध्ये एलेन शूट आणि सहकाऱ्यांनी हाडांची फेरतपासणी केली, तेव्हा या एका पक्ष्याच्या जागी पाच निराळ्या जाती उभ्या राहिल्या. वजनं सुमारे तीन ते आठ किलो, पंखांत उडण्याचं बळ. पण पायांची हाडं आणि नख्या ढीग रचणाऱ्याच्या नव्हत्या. हे बहुधा सुलावेसीच्या मालेओसारखे, तयार उबदार मातीत अंडी पुरणारे होते. ते गेले. बारका कारखानदार उरला.

न्यू कॅलेडोनियाजवळच्या आयल ऑफ पाइन्सवर तर याहून मोठी गंमत. तिथे शेकडो टेकाडं आहेत, काही चार-पाच मीटर उंच. आधी ती माणसांनी रचलेली वाटली, पण खोदून आत माणसाची हाडं मिळेनात. १९८० मध्ये तिथल्या सिल्व्हिऑर्निस या न उडणाऱ्या, सुमारे तीस किलोच्या पक्ष्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. पुढे त्याला मेगापोडांत बसवलं गेलं आणि टेकाडांचं श्रेयही मिळालं. २०१६ मध्ये ट्रेव्हर वर्दी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हा मेगापोडच नव्हे. कोंबडीवर्गाच्या जुन्या फांदीवरचं वेगळंच कुळ, फिजीचा मेगाविटिऑर्निस हा त्याचा सोयरा. आणि त्याच्या अंगी ढीग रचण्याची घडणही नाही. टेकाडं झाडझाडोरा आणि मातीची धूप यांतून झाली असावीत, असं त्यांचं म्हणणं. मला हा उलटा न्याय मजेशीर वाटतो: उत्तरेत पक्ष्याचे ढीग माणसाच्या नावे लागले, इथे कोणीच न रचलेले ढीग पक्ष्याच्या नावे. सिल्व्हिऑर्निस मात्र ही वकिली ऐकायला उरला नाही. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी माणसं त्या बेटांवर उतरली आणि पुढे तो संपला.

भारतातही या कुळाचा एक प्रतिनिधी आहे, बाकी भाऊबंदांपासून फार दूर, पश्चिमेला एकटा पडलेला: निकोबारचा मेगापोड. वाळू, माती आणि पाला मिसळून तो किनाऱ्याच्या झाडीत, बहुतेक भरतीरेषेपासून थोड्याच अंतरावर, ढीग रचतो. डिसेंबर २००४च्या त्सुनामीने नेमकी हीच पट्टी धुऊन नेली. त्याच्या नावाचं अभयारण्य असलेलं मेगापोड बेट पाण्याखाली गेलं. रवी शंकरन यांनी १९९०च्या दशकात या पक्ष्याची पाहणी केली होती, त्सुनामीनंतर के. शिवकुमार यांच्या पाहणीत त्याची संख्या प्रचंड घटल्याचं दिसलं. तो सावरू लागला, पुन्हा ढीग घालू लागला. जानेवारी २०२१ मध्ये ग्रेट निकोबारच्या गॅलाथिया उपसागराचं अभयारण्य रद्द करायला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने मान्यता दिली. तिथे मालवाहू जहाजांचं मोठं बंदर व्हायचं आहे आणि बंदराला लागणारी जागाही किनाऱ्याचीच.