पाण्याचे गणित सर्वांचे



चांदोली धरणातून सुटलेले वारणेचे पाणी आपल्या शिवारांजवळून वाहत हरिपूरला कृष्णेस मिळते. वाटेत कोल्हापूर, सांगली असे दोन जिल्हे. पण नदी काही जिल्ह्याची हद्द ओळखत नाही.

पाऊस, जमिनीचा उतार, माती आणि धरणाचा विसर्ग एकत्र मांडून पाणी कोठे, केव्हा, किती चढेल हे काढावयाचे गणित म्हणजे पाण्याचे प्रतिरूप. ते ज्याने त्याने आपल्याच कपाटात ठेवले, तर उत्तरे जुळत नाहीत आणि चूकही सापडत नाही. म्हणून अमेरिकेतील जलशास्त्रज्ञांनी ‘हायड्रोशेअर’ हे संगणकावरचे सूचीपत्र उघडले. गणित, त्यातली मापे, करणाऱ्याचे नाव, तारीख, गृहीत धरलेल्या गोष्टी, सारे एके ठिकाणी. दुसऱ्याने ते घ्यावे, तपासावे, सुधारून पुन्हा ठेवावे.

वारणानगरास ही रीत परकी नाही. १९९८ साली भोवतालची ७० गावे संगणकाने जोडून माहिती गावात पोचविण्याचा प्रयोग येथेच झाला.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण विसरलेलो नाही. पाणी चढणार हे आधी कळले, तर दावणीची जनावरे वेळेवर हलविता येतात.

गुरुजींनी शाळेच्या पर्जन्यमापकाचा आकडा रोज तारखेनिशी लिहावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर पाणी! गणित बरोबर की चूक, हे शेवटी अशा आकड्यांवरच ठरते.