सलाईन चढवलं की रक्ताचं काय होतं?

मंडळी, मागच्या रविवारी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, सलाईनने रक्त पातळ होतं, मग त्याने ताकद कशी येते? आमचा विषय तत्त्वज्ञान, वैद्यक नव्हे. पण प्रश्न चांगला आहे, कारण त्यात ‘कारण’ या शब्दाचीच गोम आहे.

ताकदीचं आधी उरकून टाकू. नॉर्मल सलाईन म्हणजे लिटरभर पाण्यात 9 ग्रॅम मीठ, बस्स. थकवा आला म्हणून बाटली चढवून घेणारे आपल्याकडे पुष्कळ. त्यांना मिळतं ते मीठपाणीच.

1832 साली ब्रिटनमध्ये कॉलरा पसरला होता. रोग्यांचं रक्त काळसर आणि घट्ट दिसे. ओशॉनेसी यांनी ते तपासून सांगितलं की त्यातलं पाणी आणि क्षार निघून गेलेत. (हेच गृहस्थ पुढे कलकत्त्याला आले.) ते वाचून लीथच्या डॉ. थॉमस लॅटा यांनी, नाडी लागत नव्हती अशा एका म्हातारीच्या शिरेत क्षारपाणी सोडलं. अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे जवळजवळ साडेतीन लिटर. बाई बोलू लागली. लॅटा निघून गेले, जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा कोणी दिलं नाही, आणि काही तासांत ती गेली.

आता हे पाणी काय करतं ते बघू. प्वाझय नावाच्या फ्रेंच वैद्याने बारीक काचनळ्यांतून द्रव सोडून नियम काढला. द्रवाचा दाटपणा, म्हणजे श्यानता, निम्मी झाली तर प्रवाह दुप्पट होतो. पण नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह सोळावा हिस्सा उरतो! हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा, आपल्याला लागणार आहे.

रक्त मात्र काचनळीतलं पाणी नव्हे. त्यात शंभरातले चाळीस-पंचेचाळीस भाग तांबड्या पेशी. प्रवाह मंदावला की त्या नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि रक्त आणखी दाट होतं. शॉकमध्ये हेच दुष्टचक्र. सलाईन ते तोडतं: पेशी विरळ होतात, हृदय भरतं, रक्त वाहू लागतं. पेशींचं प्रमाण 45वरून 30वर आलं तर प्राणवायू वाहण्याची क्षमता एक तृतीयांशाने घटते; पण प्रवाह दीडपट झाला तर हिशेब बरोबर.

मग आणखी पातळ करावं का? इथेच गंमत आहे. रक्ताचं घर्षण ही रक्तवाहिनीच्या अस्तराला मिळणारी खूण असते. त्या खुणेवर अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिनी रुंद राहते. रक्त फार पातळ झालं, घर्षण कमी झालं, की वाहिन्या आकसू शकतात. मघाचा सोळावा हिस्सा आठवला? पातळ करून मिळवलेलं तिथे गमावलं जातं. शिवाय सलाईन टिकत नाही. त्याचा बराचसा भाग तासाभरात वाहिन्यांबाहेर झिरपतो आणि सूज आणतो. रक्तस्राव चालू असेल तर दाब वाढल्याने जमलेली गुठळी सुटते. पोटा-छातीत गोळी किंवा सुरा लागलेल्यांवर ह्यूस्टनला एक अभ्यास झाला, तो 1994 साली प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रियेपर्यंत सलाईन थांबवलेल्यांपैकी 70 टक्के वाचले, लगेच दिलेल्यांपैकी 62.

आणि 2011चा पूर्व आफ्रिकेतला अभ्यास तर डॉक्टरांनाही धक्का देणारा होता. तीव्र ताप आणि रक्तप्रवाह मंदावलेली तीन हजारांवर मुलं. भराभर द्रव दिलेल्यांपैकी शंभरात सुमारे साडेदहा दगावली, न दिलेल्यांत सव्वासात. पुस्तकातली कारणसाखळी तर सांगत होती की द्रव द्यावाच. साखळीतली एकेक कडी खरी असूनही शेवट चुकू शकतो, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो. इतकं जड उदाहरण मात्र आमच्याकडे नव्हतं.

एक खुलासा करायलाच हवा. जुलाबाने सुकलेली मुलं त्या अभ्यासात मुद्दाम घेतली नव्हती. त्यांना आजही पाणी आणि क्षारच द्यायचे असतात, आणि जुलाब थांबेपर्यंत देत राहायचे असतात.