मधली दोन पानं

१४ नोव्हेंबर १९७१ रोजी बालभारतीच्या ‘किशोर’चा पहिला अंक निघाला, तेव्हा मराठीत मुलांसाठी मासिकं निघू लागून नव्वदहून अधिक वर्षं झाली होती. विनायक कोंडदेव ओकांचं ‘बालबोध’ १८८१ चं, वासुदेव गोविंद आपट्यांचा ‘आनंद’ १९०६ चा. या अंकांत चरित्रं असत, कविता असत, शास्त्राची माहिती असे. मुलानं वाचावं आणि शहाणं व्हावं, एवढीच अपेक्षा होती. पेन्सिल घेऊन अंकावर तुटून पडावं, ही कल्पना पानावर उशिरा आली. या उशिराचं कारण संपादकांच्या विचारांत जितकं आहे, तितकंच छापखान्यात आहे. कोल्हापुरात बसून मुलांच्या अंकांसाठी चित्रकोडी, ‘करून पाहा’, ‘वाट शोधा’ अशी पानं रचण्यात माझी बरीच वर्षं गेली. मागं वळून बघताना वाटतं, या पानाचा इतिहास शाई, कागद आणि पिनांच्या अंगानंच सांगायला हवा.

खिळ्यांच्या छपाईत चित्र म्हणजे ब्लॉक. काळ्या शाईनं काढलेली रेघ जस्ताच्या पत्र्यावर उठवायची, पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकायचा आणि मजकुराशेजारी बसवायचा. ब्लॉकचे पैसे चौरस इंचावर मोजले जात. त्यामुळे चित्र लहान असायचं, गोष्टीच्या डोक्यावर असायचं, आणि एकदा केलेला ब्लॉक दुसऱ्या गोष्टीलाही खपवला जायचा. दोन पानं भरून चित्र काढायचं, तेही पोरांनी रेघोट्या ओढून खराब करण्यासाठी, ही चैन कुणाला परवडणार? म्हणून त्या काळात मुलांना दिलेलं काम बहुतेक शब्दांचं होतं : उखाणे, ‘ओळखा पाहू’, काड्यांची कोडी, फार तर शब्दकोडं. शब्दकोड्याला ब्लॉक लागत नाही. पितळी रुळांनी चौकट उभी करता येते.

मराठी शब्दकोड्याचा स्वभाव आजही तोच आहे. एका घरात एक अक्षर, कान्यामात्र्यासकट. ‘पन्हाळा’ तीन घरांत मावतो, ‘कोल्हापूर’ चार घरांत. शब्द आखूड होतात, चौकट आटोपशीर राहते; पण उभ्या-आडव्याचा मेळ घालणं अवघड जातं, कारण ‘ळा’च्या जागी ‘ळा’च लागतो, ‘ळी’ चालत नाही. रचणाऱ्यानं ऱ्हस्व-दीर्घाची सवलत घेतली की शिक्षकांचं पत्र आलंच समजा. इंग्रजीसाठी केलेली बरीचशी सॉफ्टवेअर अक्षर आणि मात्रा वेगळी धरतात, म्हणून हे कोडं अजूनही बहुतेक वेळा हातानंच रचावं लागतं.

चित्रानंच मुलाला काम सांगायचं, ही गोष्ट मराठी घराघरांत पोचवण्यात एका चित्रकाराचा मोठा वाटा आहे आणि त्याचं कोल्हापूरशी नातं आहे. शि. द. फडणीस १९२५ साली बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी जन्मले, कोल्हापुरात शाळा शिकले आणि पुढं मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. १९७० च्या दशकात त्यांनी बालभारतीच्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली. गणिताचं पुस्तक मूल हसत उघडतं, हे अनेक पालकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. फडणीसांची मूळ ताकद शब्दाविना व्यंगचित्राची. ‘मोहिनी’च्या त्यांच्या गाजलेल्या मुखपृष्ठावर दोघांच्या कपड्यांच्या नक्षीत मांजर आणि उंदीर आहेत. खाली एक ओळ नाही. गंमत बघणाऱ्यानं स्वतः शोधायची. मुलांच्या पानाचं तंत्र हेच. चित्रकारानं नव्वद टक्के काढायचं आणि उरलेल्या दहांसाठी जागा मोकळी सोडायची.

कोल्हापूरला चित्रकारांची वाण कधीच नव्हती. आबालाल रहिमानांपासून बाबूराव पेंटरांपर्यंत परंपरा मोठी, आणि बाबूरावांनी सिनेमाची पोस्टरं रंगवल्यापासून इथल्या हाताला मोठ्या आकाराची सवय. पण त्या सवयीचा मुलांच्या पानावर फारसा उपयोग होत नाही. पोस्टर रस्त्यापलीकडून क्षणात वाचायचं असतं. हे पान मूल जमिनीवर पालथं पडून, नाक लावून, अर्धा अर्धा तास वाचतं. पोस्टरात नजर एका जागी खेचायची. इथं ती भटकवायची. कोपऱ्यातल्या मुंगीलाही तेवढंच मोल द्यायचं, कारण कुणीतरी तिथूनच सुरुवात करणार असतं. कला महाविद्यालयातून नव्यानं आलेली मुलं पहिल्यांदा चित्राचा ‘केंद्रबिंदू’ शोधतात. त्यांना सांगावं लागतं, तो इथं नको.

ऑफसेट आलं आणि ब्लॉकच्या चौरस इंचांतून सुटका झाली. चित्र छापील आकाराच्या दीडपट काढायचं, मजकुराचे ब्रोमाइड कापून चिकटवायचे, वर बटरपेपर घालून कुठं कोणता रंग ते लिहायचं, आणि सगळं छापखान्यात धाडायचं. पण सगळी पानं रंगीत नसत. मोठ्या कागदाच्या एका बाजूला चार रंग आणि दुसऱ्या बाजूला एक, अशी काटकसर असायची. घडी घातल्यावर रंगीत पानं कुठं येतात, त्यावर अंकाची मांडणी ठरायची. पिना मारलेल्या अंकात मधली दोन पानं हा एकच सलग कागद असतो. बाकी ठिकाणी समोरासमोरची पानं वेगवेगळ्या जागी छापली जातात, त्यामुळे पानावरून पानावर जाणारी रेघ हमखास एखादा दोरा सरकते. वाट शोधण्याच्या कोड्यात एवढं सरकणं पुरतं : रस्ता भिंतीला जाऊन धडकतो. म्हणून मोठं चित्रकोडं मध्यावर, हा नियम पडला. मध्यावरही घडीवर चेहरा नको, आकडा नको, शोधायची वस्तू तर नकोच, कारण तिथं पिना घुसतात. आणि कापायचं चित्र असेल तर त्याच्या पाठीवर गोष्टीचा शेवट छापायचा नाही. हे नियम कुठल्या पुस्तकात लिहिलेले नव्हते. छपाई बघत ते अंगवळणी पडले.

रंगानं पान देखणं झालं, पण काही कोडी सोपी झाली. दडलेल्या वस्तू शोधायचं पान घ्या. अमेरिकेत १९४६ साली निघालेलं ‘हायलाइट्स’ हे मासिक असं पान सुरुवातीपासून छापत आलं आणि कितीतरी काळ ते काळ्या रेघेतच राहिलं. त्यात कंजूषपणापेक्षा कोड्याची गरज जास्त आहे. काळ्या रेघेत झाडाची साल आणि कंगवा एकमेकांत मिसळतात. रंग भरला की कंगवा बाहेर येतो, मग लपवायला कसब लागतं. अरविंद गुप्तांच्या टाकाऊतून खेळणी करण्याच्या पुस्तकांतही अशीच साधी काळी रेघ आहे. एका चौकटीत एकच कृती, लागेल तिथं हात, शब्द मोजके. मुलांना करायला लावणारं चित्र कसं असावं, हे मी तिथं शिकलो.

नव्वदीत संगणक आला. पेजमेकर, कोरलड्रॉ आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ यांच्या बळावर कोल्हापूरच्या लहान डीटीपी सेंटरांतूनही अंक लागू लागले. आधी ‘फरक ओळखा’ करायचं तर खाली दिवा असलेल्या काचेवर चित्र पुन्हा गिरवावं लागे. गिरवताना हात थोडा हलायचा आणि ठरवलेल्या दहा फरकांखेरीज दोन-चार आपोआप पडायचे. मुलं ते शोधून पत्रानं कळवायची. संगणकात चित्राची नक्कल अचूक झाली. मग फरक करणं म्हणजे एक बटण पुसणं, एक फूल उलटं करणं. काम तासांवरून मिनिटांवर आलं आणि पानातला विचारही कधीकधी तेवढाच उरला. तयार क्लिपआर्टमुळे तर कुठल्याही मराठी अंकातलं घर उतरत्या लाल छपराचं, धुराड्याचं, दारात बर्फातला माणूस असलेलं दिसू लागलं. करवीर तालुक्यातल्या मुलानं त्यात काय शोधायचं?

आमची सगळ्यात चांगली पानं या क्लिपआर्टच्या कंटाळ्यातून निघाली. एक होतं पंचगंगेचं. पावसाळ्यात कोल्हापूरकर राजाराम बंधाऱ्याची पातळी क्रिकेटच्या धावांसारखी विचारतात. ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे आकडे इथल्या मुलांना पाढ्यांआधी ठाऊक असतात. २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. त्यानंतरच्या एका पावसाळ्यात अंक आडवा धरायला लावून मधल्या दोन पानांची एकच उंच पट्टी केली. तळापासून वरपर्यंत फुटांच्या खुणा, ३९ आणि ४३ वर दोन रेघा, बाजूला काठावरचं गाव. पाणी मात्र काढलं नाही. रोजच्या वर्तमानपत्रातली पातळी बघून मुलानं निळा रंग भरायचा, आणि २००५ साली, २०१९ साली पाणी आपल्या गल्लीत कुठवर आलं होतं, ते घरात विचारून खूण करायची. त्या खुणांसोबत आजी-आजोबांच्या गोष्टी आल्या. त्या छापायला पुढं वेगळं पान काढावं लागलं.

दुसरं पान गुऱ्हाळाचं. घाण्यातून निघालेला रस काहिलीत, भेंडीचं पाणी घालून वर आलेली मळी काढणं, चुलवाणात चिपाड सारणं, पाक वाफ्यात ओतणं, साच्यात रवे भरणं, अशी चित्रं उलटसुलट छापली आणि क्रम लावायला सांगितला. खेड्यातल्या मुलांनी चुटकीसरशी लावला. शहरातली अडली आणि त्यांनी खेड्यातल्या भावंडांना विचारलं. मासिकांच्या पानांवर बहुधा उलटं घडतं.

तिसरं अंबाबाईच्या किरणोत्सवाचं. ३१ जानेवारी आणि १, २ फेब्रुवारी, तसंच ९, १०, ११ नोव्हेंबर या दिवशी मावळतीची किरणं देवळात शिरून पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर पडावीत, अशी रचना आहे. आम्ही देऊळ अगदी लहान काढलं आणि मोठी जागा कोऱ्या भिंतीला दिली : तुमच्या खिडकीतून संध्याकाळी येणारं ऊन ठरावीक वेळी भिंतीवर कुठं पडतं, आठवड्यातून एकदा टिंब काढा. पान सोडून मुलाला खिडकीशी नेणारं हे पान.

कागदाचा प्रश्न प्रत्येक वेळी नव्यानं येतो. जाहिरातदाराला गुळगुळीत आर्ट पेपर आवडतो. त्यावर खडू घसरतो आणि स्केचपेनची शाई बोटाला लागते. मॅपलिथो लिहायला उत्तम, पण पातळ असला की स्केचपेन पाठीमागं उमटतो. आकड्यांचाही तसाच. टिंबं जोडायच्या चित्राला देवनागरी अंक द्यायचे की सेमी-इंग्रजीच्या मुलांसाठी आंतरराष्ट्रीय? मी एकाआड एक अंकात दोन्ही वापरत आलो. दोन्ही गटांतली मुलं कुरकुरतात आणि दोन्ही शिकतात.

कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन-आनंद विद्यालय सुरू केलं. मूल स्वतः करून, बघून, बोलून शिकतं, यावर उभी राहिलेली ती शाळा. लीलाताईंच्या लिखाणानं या शहरातल्या शिक्षकांच्या एका पिढीला हे पटवलं, आणि त्या पिढीमुळे आमच्या पानांना चिकित्सक वाचक मिळाले. पान छापायला जाण्याआधी त्याची प्रत चार मुलांपुढं ठेवायची आणि आपण तोंड उघडायचं नाही, ही पद्धत आम्ही त्या वातावरणातून उचलली. मुलानं ‘काय करायचं?’ असं विचारलं की चित्र पुन्हा काढायचं. सूचना वाढवायची नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, टपाल अडलं आणि अंक पीडीएफ होऊन आईबाबांच्या फोनवर गेले. मधली दोन पानं पाच-सहा इंची पडद्यावर पोचली आणि कापणं, दुमडणं, रंगवणं एकदम संपलं. फोनची सवय मात्र मागं राहिली : आता अनेक अंकांत कोड्याशेजारी क्यूआर कोड असतो आणि उत्तर लगेच हजर. ‘किशोर’चे जुने अंक आज इंटरनेटवर फुकट बघता येतात. ते जरूर चाळावेत, पण खऱ्या अर्थानं बघायची ती रद्दीच्या दुकानातली प्रत, कुणीतरी गिरवलेली, खोडलेली, कापून भोक पाडलेली.

या काळात छपाईनं आम्हाला जवळजवळ सगळं दिलं : रंग, अचूक नक्कल, हवा तो आकार. आता चित्रकाराला स्वतःहून कमी द्यायला शिकावं लागेल. माझी सूचना अगदी साधी आहे आणि तिला पैसाही लागत नाही. उत्तरं त्याच अंकात उलटी छापू नका, कोडमागंही ठेवू नका. पूर्वीसारखी पुढच्या महिन्याच्या अंकात द्या. मधल्या दिवसांत मुलं बहिणीशी भांडतील, बाईंना विचारतील, स्वतःचंच उत्तर खोडून दुसरं लिहितील. आमचं काम छापून झाल्यावर त्यांचं सुरू होतं, आणि त्याला महिनाभर तरी मिळायला हवा.